डोळा माझा, निरोप त्यांच्याकडे

आमच्याकडे एक रीत आहे. दवाखान्यात दाखवायचं बाईला असलं तरी डॉक्टरचं बोलणं तिच्यासोबत आलेला माणूस ऐकतो. बाई बाहेर बाकावर बसते. माणूस बाहेर येतो आणि आतलं जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं तिला सांगतो. या रीतीत मी उभा जन्म काढला, आणि ती मला कधी खुपली नाही. माझा उजवा डोळा तिच्यापायी गेला, तेव्हापासून खुपते.

आम्ही आदिलाबादजवळच्या मावल्याचे. घरामागे वांगी, मेथी, टमाटे. सकाळी तोडायचे आणि आदिलाबादच्या बाजारात नेऊन विकायचे. डोळ्यात धुकं आलंय हे मला वांग्यांवरून कळलं. किडकी वांगी माझ्या हातून टोपलीत जाऊ लागली आणि गिऱ्हाइकं ती परत आणू लागली. आमचे हे म्हणाले, "मोतीबिंदू असंल. पिकू दे, मंग काढू." माझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू डोळ्यात पार पांढरा दिसायला लागल्यावर काढला होता, आणि त्यांना पुढे चांगलं दिसलं. त्या एका डोळ्याच्या जोरावर हे आमच्या गल्लीचे नेत्रतज्ज्ञ झाले होते.

त्याच सुमारास मुलीचं लग्न जुळलं. बोथ गावची मंडळी, बियाण्याचं दुकान. मुलगी पसंत होती, तिचा चष्मा नापसंत होता. म्हणून लेझर करून चष्मा घालवायचा ठरला आणि आम्ही तिघं नागपूरला गेलो. त्या कामात कोणी "होऊ दे सावकाश" असं म्हटलं नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. मुलीला समोर बसवून त्यांनी सगळं नीट सांगितलं. गेल्या वर्षात नंबर बदलला का ते विचारलं, बुबुळावरचा पडदा किती जाड आहे ते मोजलं. सगळ्यांचे डोळे या लेझरला चालत नाहीत म्हणाल्या. नंतर काही महिने डोळे कोरडे पडतील, चाळिशीचा चष्मा यानं टळणार नाही, आणि म्हातारपणी मोतीबिंदू व्हायचा तो होईलच. तेव्हा आपलं लेझर झालंय हे त्या डॉक्टरला सांगायला विसरू नकोस, इथपर्यंत सांगितलं. मी मध्येच म्हटलं, "माह्या बी डोळ्याले लेझर मारून द्या मंग." त्या हसल्या. म्हणाल्या, "मावशी, हे लेझर वरच्या पडद्यावर होतं. तुमचं आतलं भिंग गढूळ झालेलं दिसतंय. ते काढून दुसरं बसवावं लागतं. थांबा, तपासते."

डोळ्यात थेंब टाकले, तपासलं, आणि मला बाहेर बसवलं. मग नर्सनं विचारलं, "यांच्यासोबत कोण आहे?" हे आत गेले, मुलगी त्यांच्या मागोमाग गेली. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "कच्चा हाय अजून. लग्न होऊ दे, मंग पाहू." मुलगी माझा हात धरून चालू लागली. थेंबांमुळे मला तिचा चेहराही धड दिसत नव्हता.

लग्न झालं. चष्मा नसलेली नवरी सगळ्यांना आवडली. मग उन्हाळा लागला, आणि उन्हाळ्यात डोळा कापत नाहीत म्हणून थांबलो. पावसाळ्यात पाणी लागेल म्हणून थांबलो. हिवाळ्यात भाजीचा हंगाम, मी बाजारात बसले नाही तर कोण बसणार? मी काही विचारलं की उत्तर ठरलेलं असे, "डॉक्टरनंच सांगितलं ना, कच्चा हाय म्हणून."

एका सकाळी डोळा लाल झाला. अर्धं डोकं ठणकू लागलं, उलट्या सुरू झाल्या. पित्त आहे म्हणून लिंबूपाणी दिलं, शेजारणीनं डोळ्यात गुलाबपाणी घातलं. नागपूरला पोहोचेपर्यंत त्या डोळ्याला नुसता उजेड कळत होता. डॉक्टरीणबाई या वेळी माझ्याशी बोलल्या. "भिंग पार पिकून डोळ्यातला दाब वाढला, त्यानं मागची नस गेली. भिंग काढते, दुखणं थांबेल. पण नस परत येत नाही. मावशी, पिकायची वाट पाहू नका, लग्न झालं की लगेच या, असं मी सांगितलं होतं ना? वाट पाहायची ती जुनी पद्धत होती."

मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे पाहत होते. परतताना वाटेत चहाला उतरलो तेव्हा एवढंच म्हणाले, "मले वाटलं, डॉक्टर लोकायले घाईच असते." चूक झाली, असं ते म्हणाले नाहीत. आजवर म्हणालेले नाहीत.

मुलगी माझं करायला बोथहून आली. डोळ्यात थेंब टाकता टाकता म्हणाली, "आई, मले माईत होतं. बाबा म्हणे, लग्न तोंडावर हाय, तिले सांगू नको, घाबरंल." आणि रडायला लागली. मी म्हटलं, "रड मंग, आधी थेंब टाक." यांच्यापेक्षा तिचा राग मला जास्त आला. यांना डॉक्टरचं पटलंच नव्हतं; तिला तर पटलं होतं.

आता एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकतो. चहा कपाच्या बाहेर पडतो, पायरी आहे तिथे पाय पडत नाही. पुढे डाव्या डोळ्यापुढेही धुकं आलं तेव्हा हे म्हणाले, "हिवाळ्यात पाहू." मी पिशवी भरली आणि नागपूरला निघाले. हे मागून आले.

तपासणी झाल्यावर नर्सनं तोच प्रश्न विचारला आणि हे सवयीनं उठले. मी म्हटलं, "तुमी बसा भाईर. डोळा माहा हाय, मीच ऐकीन." बाकावरच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी आत जाऊन सगळं विचारलं. साखर तपासायची का, भिंग कोणतं बसवणार, थेंब किती दिवस, डोक्यावरून पाणी कधी घ्यायचं, टोपलं कधी उचलायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळा लाल झाला, दुखला किंवा कमी दिसलं तर त्याच दिवशी यायचं, घरचे उपाय करायचे नाहीत. ऑपरेशन चांगलं झालं. डाव्या डोळ्यानं मला आता वांग्यावरचं सुईएवढं भोकही दिसतं.

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. म्हणाली, "आई, तू बाबाले साऱ्याइच्या समोर भाईर बसवलं. लई वाईट वाटलं त्याइले."

"वाटू दे," मी म्हटलं. "त्यानं माह्या उजव्या डोळ्यात उजेड येत नाई."