मागून दिसणारा गुडघा

गुडघ्याच्या मागच्या खळग्याला आपल्याकडे लवण म्हणतात. स्वतःची लवण कुणालाच धड दिसत नाही. आरशाकडे पाठ करून, मान वळवून बघायला जावं तर गुडघा नकळत वाकतो आणि लवण मिटून बसते. हा प्रयोग मी केलेला आहे, अर्ध्या चड्डीत, आणि नेमकी तेव्हाच बायको चहा घेऊन खोलीत आली होती. तिने कप ठेवला आणि काही न विचारता निघून गेली. लग्नाला काही वर्षं झाली की बायका विचारायचं सोडतात.

या लवणीशी माझं जुनं वाकडं. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "माणूस पालथा झोपलाय, लवणीवरची कातडी काढली. आत जाताना काय काय लागेल?" उत्तर सोपं आहे. आधी मज्जातंतू, त्याखाली रक्त परत वर नेणारी शीर, आणि सगळ्यात खोल, हाडाला चिकटून, धमनी. मी छाती पुढे काढून धमनी, शीर, मज्जातंतू असा क्रम सांगितला.

"बरोबर आहे," परीक्षक म्हणाले. "फक्त तुम्ही गुडघ्याची वाटी फोडून पुढून आत शिरलात."

पास केलं त्यांनी, पण पुढचं वर्षभर मित्र मला 'पुढून' याच नावाने हाक मारायचे.

नव्वदच्या दशकात दादरची भाड्याची खोली सोडून आम्ही भाईंदरला आलो आणि नवघरला एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर मी सोनोग्राफीचं सेंटर काढलं. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर म्हशी बसायच्या. मशीन काळं-पांढरं. खोलीतला एसी मशीनसाठी होता, त्याची हवा पेशंटना लागायची ती केवळ ओघाने. बायको बाहेर काउंटर सांभाळायची, आणि लाइट गेले की मशीन जळू नये म्हणून स्टॅबिलायझरकडे धावायची.

येणारे पेशंट म्हणजे नुसती पोटं. मूतखडे, पित्ताचे खडे, अपेंडिक्स, बाळंतपणं. पोट बघायचं तर वायू बाजूला सारावा लागतो, म्हणून प्रोब चांगला दाबून धरायचा. पोटावर फिरवायच्या त्या मुठीएवढ्या यंत्राला प्रोब म्हणतात. माझा हात त्यालाच सरावला होता. बायको म्हणायची, "तुम्हाला रोज कणीक मळायला द्यायला हवी. हात आयता तयार आहे."

अशात एक दिवस उत्तनजवळच्या पालीहून एक मावशी आली. मुलाने तिला स्कूटरवरून आणलं होतं. पालीतल्या जुन्या ख्रिस्ती कोळ्यांपैकी. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, आणि डावी पोटरी सुजून दुधीसारखी झालेली. तिच्या घरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत एकच प्रश्न लिहिला होता: पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी आहे का?

प्रश्न साधा नव्हता. गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मग पेशंटने हलायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात भरती व्हायचं. आणि मावशीच्या धाकट्या मुलीचं लग्न येत्या रविवारी होतं.

"दुखतंय कधीपासून?" मी विचारलं.

"दुखतंय न्हाय फार. बाजारात जाताना माझ्या मागं मासळीची पाटी घेऊन चालते ना, तिनं बघितलं. बोलली, बाय, तुझ्या गुडघ्यामागं लिंबू आलंय. मी बोलली, माझ्या मागं चालतेस का माझे पाय मोजतेस?" ती हसली. "मग काल लिंबू गेलं आणि पोटरी फुगली."

मी तिला पालथं झोपायला सांगितलं. मावशी टेबलावर बसून राहिली.

"पालथी न्हाय झोपणार."

"मावशी, मागचं बघायचंय, पालथं नको का व्हायला?"

"माझा दीर समुद्रात गेलेला. तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला आला तो पालथा. समुद्र माणूस परत देतो तो पालथाच देतो. मी जिती असताना तशी झोपणार न्हाय."

मुलगा म्हणाला, "आई, अगं डॉक्टर आहेत ते."

"डाक्टर हाय म्हणून काय झालं? समुद्र त्याच्याहून मोठा हाय."

यावर वाद घालण्याइतका मी शूर नव्हतो. तिला उताणीच झोपवलं, गुडघा वाकवून उभा करायला लावला आणि त्या कमानीखालून हात घालून प्रोब लवणीला लावला. पलंगाखाली गेलेली चप्पल काढताना माणूस जसा वाकडा होतो तसा मी वाकडा झालो होतो. हाताला जोर मिळेना म्हणून आणखी जोर लावला.

पडद्यावर एक छोटा गोल उडत होता, ती धमनी. तिच्या अलीकडे एक मोठा काळा गोल. मी दाबून पाहिलं, तो दबेना. चांगली शीर दाबली की ओठ मिटावेत तशी मिटते. आत गुठळी असेल तर मिटत नाही. हा गोल मिटत नव्हता.

"गुठळी आहे," मी मुलाला सांगितलं. "उद्या सकाळीच भरती करा. तोवर अंथरुणातून उठू द्यायचं नाही."

मुलाचा चेहरा उतरला. मावशीने मात्र मलाच विचारलं, "शनिवारी पाणी हाय. पाण्याला जाता येल ना?"

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे बायका बाजाच्या तालावर विहिरीवर जातात, नवरीच्या अंघोळीसाठी घागरी भरून आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. मला तेव्हा हे अर्धवटच माहीत होतं.

"पाणी काय, कुणीही आणेल," मी म्हटलं.

मावशी टेबलावरून उतरली. "कुणीही," ती म्हणाली, आणि मग लुगडं नीट करून बाहेर गेली. पायऱ्यांपाशी मुलाने तिला उचललं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते.

दुपारी जेवायच्या आधी मी मावशीच्या तपासणीचे प्रिंट पुन्हा काढून बघत होतो. बायकोने डबा उघडला. "नीट दिसलं ना?" तिने विचारलं. ती हे रोज विचारायची, आणि मी रोज तितक्याच चिडून "हो" म्हणायचो. त्या दिवशी म्हटलं नाही.

मला दिसल्या होत्या दोनच गोष्टी. एक उडणारी धमनी आणि एक काळा गोल. गोलाला मी शीर म्हटलं होतं. पण शीर म्हणजे खाडी. पोटरीकडून येते, मांडीकडे जाते, वर सरकावं तशी सोबत येते. हा गोल प्रिंटमध्ये वर जाताच संपत होता, आणि आतल्या बाजूला त्याला एक बारीक मान होती. हे मिठागरात साचलेलं पाणी दिसत होतं, आत यायला एक उघाडी, म्हणजे बांधातलं दार, असलेलं. सांध्यातलं पाणी मागच्या दोन स्नायूंच्या फटीतून बाहेर येऊन लवणीत पिशवी धरतं. पुस्तकात मी ते वाचलेलं होतं. मावशीचं लिंबू ते तेच असावं. मग ते फुटून पाणी पोटरीत उतरलं की पोटरी सुजते, आणि हुबेहूब गुठळीसारखी दिसते.

पण मग शीर कुठे होती? परीक्षेतल्यासारखाच प्रश्न, आणि परीक्षेतल्यासारखाच मी चुकलेला.

"जरा आत ये," मी बायकोला म्हटलं. पँट काढून टेबलावर पालथा पडलो, पडदा दिसेल अशी मान वळवली. "हे माझ्या गुडघ्यामागे धर."

"दार लावू का आधी?"

"लाव. आणि हसू नकोस."

तिने घाबरत घाबरत प्रोब टेकवला. इतका हलका की मला गुदगुल्या झाल्या. पडद्यावर धमनी उडत होती आणि तिच्या अलीकडे, पोपटाच्या डोळ्यासारखी गोल, उघडी, स्वच्छ शीर.

"आता मी धरतो," म्हणून मी हात मागे नेला आणि रोजच्यासारखा प्रोब धरला. शीर नाहीशी झाली. धमनी राहिली, शीर गेली.

"कुठे गेली?" बायकोने विचारलं.

"मी दाबून टाकली."

सकाळीही हेच झालं होतं. पोटांवर कमावलेल्या त्या हाताने मी मावशीची शीर चपटी करून दिसेनाशी केली, आणि शेजारची पाण्याची पिशवी शीर म्हणून खपवली. अर्थात हा अंदाजच होता. मावशीला पुन्हा बघितल्याशिवाय मी काहीच बोलू शकत नव्हतो, आणि उद्या सकाळी ती मुंबईला निघणार होती.

संध्याकाळचे पेशंट दुसऱ्या दिवशीवर ढकलून आम्ही दोघं स्कूटरवर निघालो. रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला, उत्तनच्या रस्त्याने, डोंगरी गाव मागे टाकून पालीत. गल्ल्या इतक्या अरुंद की स्कूटरच्या हँडलने कुणाच्या तरी दारातला वाळत घातलेला परकर ओढत नेला. घरापुढे मांडव घातला होता. आत पंचवीस-तीस बायका लसूण सोलत होत्या, आणि त्यांच्या मधोमध खाटेवर, पाय उशीवर ठेवून, मावशी उताणी. भिंतीशी रंगवलेली घागर तयार.

"आला," मावशी म्हणाली. "आता काय, कापायला आलास?"

"पुन्हा बघायचंय, मावशी. उद्या हॉस्पिटलात जाताना वाटेत माझ्याकडे थांबा."

"सकाळी दिसला न्हाय?"

"मी फार दाबलं. चुकलं असेल माझं."

बायकांचे हात लसणावर थांबले. मावशीने माझ्या बायकोकडे बघितलं. "कोळंबी सोलायला देतेस का गं याला?"

"नाही."

"देऊ नको. नुसता चुरा मिळंल."

सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण मावशी हसत नव्हती. ती घागरीकडे बघत होती. "खोटी आशा दाखवायला आला असशील तर जा परत," ती हळूच म्हणाली. "एकदा रडून झालंय माझं."

"आशा नाही दाखवत. बघू द्या म्हणतोय."

"पालथी न्हाय झोपणार."

"नका झोपू. उभ्या राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने रिक्षातून तिला आणलं. खिडकीचे गज धरून ती उभी राहिली, भार चांगल्या पायावर. मी तिच्या मागे जमिनीवर पाटावर बसलो, मशीन ओढून जवळ घेतलं. माझ्यावर माझाच भरवसा नव्हता, म्हणून बायकोला शेजारी बसवून मनगट तिच्या चिमटीत दिलं. हात जड झाला की ती तो वर उचलायची. बाहेर दोन पेशंट पोट धरून बसले होते. आत डॉक्टर एका बाईच्या पायांशी बसलाय आणि बायकोने त्याचा हात धरलाय, हे दाराच्या फटीतून त्यांना कसं दिसलं असेल याचा मी विचार केला नाही.

उभं राहिल्याने शिरा रक्ताने भरतात. मावशीची शीर पहिल्याच क्षणी दिसली, टपोरी. हलकं दाबलं, मिटली. सोडलं, उघडली. मांडीपर्यंत वर गेलो, पोटरीपर्यंत खाली आलो, सगळीकडे मिटत होती. आणि आतल्या बाजूला, दोन स्नायूंमधून मान काढून बसलेली ती पाण्याची पिशवी, खालून फुटलेली.

"काय दिसतंय रे?" मावशीने खिडकीबाहेर बघतच विचारलं.

"लिंबू."

"आणि गुठळी?"

"मला दिसत नाही. पण माझं ऐकू नका. मुंबईला रंगीत मशीन आहे, तिथल्या सरांना चिठ्ठी देतो. ते म्हणाले की खरं."

ती वळली. गजांना धरलेले हात तिने अजून सोडले नव्हते. "काल 'माझं ऐकू नका' असं बोललास न्हाय."

बायकोने माझं मनगट सोडलं आणि जेली पुसायला कापूस मावशीकडे दिला.

मुंबईच्या सरांनी मशीन फिरवून सांगितलं की शीर स्वच्छ आहे. पायाला पट्टी, गोळ्या, विश्रांती. लग्न उरकल्यावर गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवायचं. मुलाने विचारल्यावर पाण्यालाही परवानगी मिळाली, दोन अटींवर. घागर अर्धीच भरायची आणि नाचायचं नाही.

शनिवारी संध्याकाळी आम्हाला पालीत बोलावणं होतं. बाजा वाजत होता, बायका ओळीने निघाल्या होत्या. मावशीने मला हाताने खूण करून स्वतःच्या मागे उभं केलं. "इथून चल. तुझं लक्ष माझ्या पायावर. काय झालं तर तू बघायचंस."

त्यामुळे सगळ्या पालीच्या देखत मी एका बाईच्या गुडघ्यामागे नजर लावून विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो. दोन म्हाताऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी विसरलेलो नाही. मावशी सावकाश चालत होती. खाली पांढरी पट्टी, वर लुगड्याचा काठ, मधे उघडी लवण. डोक्यावर अर्धी घागर. तिच्या तोंडाकडे बघायची सोय नव्हती, पण पुढून येणारी माणसं तिच्याकडे बघून हसत होती, त्यावरून कळत होतं.

परतीच्या वळणावर बाजावाल्यांनी लय वाढवली. लवण जरा मिटली, उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली, बरोबर तालावर.

बायको माझ्या शेजारी होती. "काय दिसतंय?" तिने विचारलं.

"नाचतेय."

"मग सांगा ना तिला."

मी मावशीच्या पाठीकडे बघितलं. घागर जरासुद्धा हलत नव्हती.

"कशाला?" मी म्हटलं. "तिला थोडंच दिसतंय."