बाबांचं मुखदर्शन

माझ्या वडिलांचा चेहरा मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी स्वतःच्या हाताने तयार केला. म्हणजे अर्धाच. उरलेला अर्धा आयता मिळाला होता.

हे वाक्य मी चाळीच्या गॅलरीत टाकायचे आणि गप्प बसायचे. समोरच्या बाईचा निवडता तांदूळ सुपातच राहायचा. मग मी सावकाश पदर सारखा करून पुढचं सांगायचे. माणसाला असं टांगून ठेवण्यात मला पहिल्यापासून मजा येते. चाळीच्या गणपतीत अठरा वर्षं नाटकं केली, त्यात प्रत्येक वेळी माझी एंट्री उशिराच असायची, कारण ती तशी मी भांडून घ्यायचे. हल्ली मात्र ही गोष्ट मी सांगत नाही. आज सांगते, आणि शक्यतो मध्ये न थांबता.

बाबा लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर, जिथे सुताचा धोटा इकडून तिकडे धावतो. मी अडीच वर्षांची असताना छातीच्या दुखण्याने गेले. मला ते आठवत नाहीत. आईबाबांचं लग्न कोकणात लागलं, तिथे फोटोवाला कुठून येणार? गिरणीच्या पासावर त्यांचा फोटो होता, पण ते गेल्यावर आई तो पास गेटवर जमा करून आली. बाई, फोटो तेवढा काढून घे, असं तिला कोणी सांगितलं नाही. उरला एकच फोटो. खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, निवृत्त झाला तेव्हा सगळ्या माणसांचा मिळून काढलेला. त्यात बाबा मागच्या रांगेत, आणि त्यांच्या पुढ्यात एक हौशी गृहस्थ फेटा बांधून, नवरदेवासारखा तुरा उभा करून. त्या तुऱ्याआड बाबांचा अर्धा चेहरा गेलेला. उजवा डोळा, उजवी भुवई, उजवा गाल, सगळं फेट्याने खाल्लं.

चाळीत प्रत्येक घरात भिंतीवर कोणी ना कोणी हार घालून बसलेलं असतं. आमच्या भिंतीवर नुसता खिळा होता. अर्ध्या तोंडाला हार घालायचा कसा, म्हणून आईने तो फोटो ट्रंकेत ठेवला आणि खानावळ चालवून मला वाढवलं. खिळा मात्र तिने कधी काढू दिला नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आईच्या डोळ्यांत काचबिंदू आहे म्हणून सांगितलं. "गेलेली नजर परत येणार नाही. उरलीय ती थेंबांनी जेवढी टिकेल तेवढी टिकवायची." कडेने अंधार येत येत मध्ये नळीतून दिसावं तेवढं उरेल, मग तेही जाईल. किती दिवसांत? ते सांगता येत नाही, म्हणाले.

त्या रात्री डोळ्यांत थेंब घालून घेताना, मान मागे टाकलेली, आई म्हणाली, "एकदा तेंचा अख्खा तोंड बघूक गावला असता ना गो, तर मगे डोळे गेले तरी चलात."

एवढंच म्हणाली आणि कूस बदलून झोपली. मी जागी.

माझी नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती. ठाकूरद्वारला लग्नपत्रिकांच्या दुकानात मी सव्वीस वर्षं काउंटरला होते. आता लोक पत्रिका मोबाइलवरच धाडतात, त्यामुळे दुकान मिटलं. म्हणजे वेळ होता, आणि कारण होतं. मी कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. फोटोचं काम आणि वेबसाइट बनवणं, सहा महिने.

क्लास पहिल्या मजल्यावर, आणि खाली मसाल्याची गिरणी. मिरची कांडायला घेतली की वर आम्ही शिंकायचो, आणि ज्याच्या हातात माउस असेल त्याच्या पडद्यावरच्या माणसाला भलतीकडे कान फुटायचा. शिकवणारी मुलगी चोवीस वर्षांची. मी तिला मॅडम म्हणायचे, ती मला काकी. बाकी वर्ग म्हणजे कॉलेजची पोरं. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "काकी, मुलाला सोडायला आलात का?"

"नाही रे, तुझ्या सासूला बघायला आले," मी म्हटलं. त्यानंतर आमचं जमलं.

फोटो मी ट्रंकेतून गुपचूप काढला. आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर गंमत काय राहिली?

पहिल्यांदा मी सोपी युक्ती केली. चेहऱ्याची दिसणारी बाजू उचलली, उलटी केली आणि दुसऱ्या बाजूला चिकटवली. दोन्ही अर्धे अगदी सारखे. असा माणूस जगात नसतो. पोरं मागे गोळा झाली. "काकी, हे मतदार ओळखपत्रावरचे वाटतायत." मी हसले. पण पडद्यावरचा तो माणूस माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्यात कोणीच नव्हतं.

मॅडम म्हणाली, "रक्तातलं कोणी आहे का? काका, आत्या?"

कोणीच उरलं नव्हतं. उरले होते मी. आणि सगळे म्हणायचे, पोर बापावर गेलीय. मग मॅडमने मला खिडकीशी बसवून माझा फोटो काढला, जॉबरच्या फोटोत ऊन ज्या बाजूने आलंय त्याच बाजूने उजेड घेऊन. माझा उजवा डोळा कापला, करडा केला, बाबांच्या चेहऱ्यावर नेऊन ठेवला. त्यावर माझा गाल, त्यावर जुन्या फोटोचे डाग. एकेक पातळ थर, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. ते काम मला इतकं आवडलं की सांगता येत नाही. जेवण विसरायचे मी.

"काकी," मागून एक जण म्हणाला, "आजोबांनी थ्रेडिंग केलंय."

खरंच की! माझी भुवई पार्लरमधली, धनुष्यासारखी कोरलेली, ती मी गिरणी कामगाराला लावून बसले होते. वर्ग लोटपोट. मग मी त्या भुवईत एकेक केस काढत बसले, तीन दिवस. दाट, सरळ, एकसंध भुवई. झकास झाली.

नवरात्र बसलं त्याच आठवड्यात फोटो पुरा झाला. पडद्यावरून माझ्याकडे एक तिशीतला पुरुष बघत होता. तोंड मिटलेलं, डोळे जरा थकलेले. मी पहिल्यांदाच मनातल्या मनात "बाबा" अशी हाक मारून बघितली.

मॅडमच्याही डोळ्यांत पाणी आलं. "काकी, प्रिंट काढून देते. आजच नेऊन दाखवा आजींना."

आता इथे मी काय म्हणाले ते ऐका. मी म्हणाले, "अशी? पडद्याशिवाय?"

मी लालबागची आहे. आमच्याकडे देवसुद्धा सरळ दिसत नाही. गणपती येऊन बसतो, पण त्याच्या तोंडावर कापड असतं. लोक तासन् तास माना वर करून त्या कापडाकडे बघतात. मग ढोल, मग शंख, मग कापड खाली, आणि हजारो तोंडांतून एकच श्वास. मुखदर्शन. मी लहानपणापासून त्यावर पोसलेली. पन्नास वर्षांनी आईला नवऱ्याचं तोंड दिसणार, ते काय कागदाच्या पिशवीतून काढून दाखवायचं?

शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाने घरातलं काही घेऊन एक वेबपान करायचं होतं. माझ्या शेजारी बसणारी वरळी कोळीवाड्यातली मुलगी आईच्या मासळीच्या धंद्याचं पान करत होती. त्यात एक भलंथोरलं चंदेरी पापलेट पडदाभर चमकायचं. मी ठरवलं, माझ्या पानावर लाल मखमली पडदा असेल. बटण दाबलं की शंख वाजेल, पडदा दोन्हीकडे सरकेल आणि आत बाबा.

तो पडदा काही सरकेना. डावा जायचा, उजवा अडकायचा. कधी शंख आधी, कधी दोनदा. एक आकडा चुकला की अख्खं पान पांढरं. दसरा गेला. मखमलीला चुण्या हव्यात म्हणून आणखी आठ दिवस. मॅडम दोनदा म्हणाली, "काकी, फोटो तर तयार आहे ना?" मी तिला गप्प केलं.

घरी आईला मी फक्त म्हणायचे, "आये, पडदा करतेय एक. तुला दाखवायचाय. थांब जरा."

"थांबतंय," आई म्हणायची.

तेव्हा ती चहा ओतताना कपात बोट धरायला लागली होती. मी तिची नक्कल करायचे, वैद्य नाडी बघतो तसं बोट धरून, आणि ती हसायची. तांदूळ निवडायचं तिने सोडलं होतं. मला वाटलं, कंटाळली. मी दारात आले की "कोण गो?" विचारायची, मला वाटलं, कान गेले. चार पावलांवर सगळं घडत होतं, आणि मी रोज दुपारी खोट्या मखमलीला चुण्या घालत होते.

दिवाळीनंतरच्या रविवारी क्लासमध्ये सगळ्यांची पानं ओळीने मांडली. खालच्या गिरणीवाल्याला विनवून मी पंधरा मिनिटं मिरची बंद ठेवायला लावली. आईला नवं लुगडं नेसवलं. दोन पोरांनी तिला जिन्याने हात धरून वर आणलं आणि माझ्या मशीनसमोर फिरत्या खुर्चीत बसवलं. मी मागे उभी राहिले, नाटकात राहायचे तशी, आणि सुरुवात केली. साचेखातं सांगितलं, फेटेवाला सांगितला, भिंतीवरचा खिळा सांगितला. हात पुढे करून मी बटण दाबलं. शंख वाजला. पडदा दोन्हीकडून सारखा, लोण्यासारखा सरकला.

आईने हात जोडले. पुढे वाकली. म्हणाली, "ह्येच ते. तशेच दिसतत."

आणि मी बघितलं. बसताना खुर्ची फिरली होती. आई शेजारच्या पडद्याकडे तोंड करून बसली होती. ती हात जोडून पापलेटाकडे बघत होती.

मॅडमचा हात खुर्ची वळवायला पुढे आला. मी मानेनेच नको म्हटलं. कोळ्याच्या पोरीने तोंडावर ओढणी धरली होती. कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी टाळी वाजवली. आधी मी एकटीने, मग सगळ्यांनी. माझ्या आयुष्यातला तेवढा मोठा टाळ्यांचा कडकडाट दुसरा नाही.

घरी आल्यावर तिच्या पायातल्या चपला काढता काढता विचारलं, "आये, कधीपासून?"

तिने दुसरा पाय पुढे केला. मग म्हणाली, "दसऱ्याक तुझी टिकली दिसली हुती माका. मगे धुरकाट. दिवाळेचे दिवे काय दिसले नाय."

दसऱ्याला फोटो होऊन आठ-दहा दिवस झाले होते.

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"तू येवढ्या हौशीन पडदो करी हुतंस. तुझी हौस मोडूची कशी?"

मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. तिने चाचपडत माझं डोकं शोधलं. रडत नव्हती. उलट खुर्चीत नीट सरसावून बसली, आणि म्हणाली, "आता सांग. तेंका कशे केलंस?"

मी सांगायला लागले. कपाळ असं, ओठ असे, डोळा माझा लावलाय. ती हुंकार देत होती. भुवया दाट, सरळ, म्हटलं.

"दोनय?"

"हो. दोन्ही."

"नाय गो. उजवी मधीच तुटलेली. साच्यावरचो धोटो उडान लागलो हुतो. थंय केस कधी इलेच नाय." मग म्हणाली, "माका आधी इचारूचा तरी."

तीन दिवस खपून एकेक केस काढलेली ती भुवई दुसऱ्या दिवशी मी मधोमध पुसली. तेव्हापासून हे चालूच आहे. आई आठवेल तसं सांगते, मी जाऊन बदलते. कानाची पाळी सुटी होती. गाल एवढा भरलेला नव्हता, शेवटी शेवटी तर नव्हताच. त्यात माझं जे जे होतं ते थोडं थोडं कमी होत चाललंय. बरोबर होतंय की चुकतंय, हे सांगणारं कोणी नाही. तिला दिसत नाही, आणि मी त्यांना कधी बघितलेलं नाही.

छापलेला फोटो खिळ्यावर लागलाय. बदल झाला की आम्ही आतला कागद बदलतो. काल संध्याकाळी तिने विचारलं, "तीळ घातलंस?"

"घातला."

"खंय?"

मी फोटो खाली काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिचं बोट धरून काचेवर टेकवलं, उजव्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली. तिने बोट तसंच ठेवलं. मग माझ्या हातातून सोडवून घेतलं आणि काचेवरून हळूहळू सरकवत, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आणलं.

"हंय," ती म्हणाली.