अर्ध्या वाटेवरचं बाकडं

आमच्याच रस्त्यावर राहणाऱ्या ठेकेदाराने आपल्या फाटकाबाहेरच्या पायरीवर लोखंडी खिळे बसवून घेतले, टोकं वर करून. ते पाहून आल्यावर सासूबाई चपला काढता काढताच म्हणाल्या, "ते माझ्यासाठी आहेत."

"छे हो, कुत्र्यांसाठी असतील."

"त्या पायरीवर कुत्रं कधी बसलंय? मी बसते."

खरं होतं. झाशीतल्या प्रेमनगरात आमचं घर रस्त्याच्या या टोकाला आणि सासूबाईंची मैत्रीण, आमच्या मावशी, त्या टोकाला. दोघींचे यजमान रेल्वेत गार्ड होते, दोघी लग्न होऊन महाराष्ट्रातून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. मैत्रिणीला आता घराबाहेर पडवत नाही, फोनवर ऐकू येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी सासूबाई जायच्या. आमच्या घरात मराठी नाही असं नाही. पण मुलांना मराठीत हाक मारली की हिंदीत 'आया' असं उत्तर येतं, आणि माझा जन्मच झाशीतला. माझ्या मराठीला सासूबाईंनी आजवर दिलेलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र म्हणजे, "कळतं गं, तुला काय म्हणायचंय ते." मनासारखं बोलणं त्यांना त्या एका घरीच मिळायचं. अडचण एवढीच, की अर्ध्या वाटेवर गुडघे आणि दम दोन्ही संपायचे, आणि तिथेच ठेकेदाराची पायरी होती.

मी ठरवलं, फुटपाथ सरकारी आहे, तिथे बाकडं बसवून घ्यायचं. दूधवाल्याला 'भैया, दूध पतला है' एवढं म्हणायलाही मी यजमानांना पुढे करते, पण त्या दिवशी एकटी पार्षदांच्या, म्हणजे आपल्याकडच्या नगरसेवकांच्या, घरी गेले. पद्धत सोपी निघाली. अर्ज लिहायचा, नेमकी जागा सांगायची, रस्त्यातल्या लोकांच्या सह्या घ्यायच्या, आणि ज्याच्या घरासमोर बाकडं येणार त्याने हरकत नसल्याचं लिहून द्यायचं. मग इंजिनिअर जागा बघून जातो.

"बस, इतना ही," पार्षद म्हणाले. मलाही तेवढंच वाटलं.

संक्रांत जवळ आली होती. दरवर्षी मी हळदीकुंकवाला रस्त्यातल्या बायकांना बोलावते. मराठी घरं दोनच, आमचं आणि मावशींचं, बाकी सगळ्या बायका इथल्या. पण आता त्यांना सवय झाली आहे, कुंकवासाठी कपाळ पुढे करतात. त्या वर्षी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. मी हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाटी दिली आणि लगेच अर्ज पुढे केला. सगळ्यांनी सह्या केल्या. ठेकेदाराच्या बायकोची सही तर सर्वांत सुंदर. आपल्यात एक पुढारी इतकी वर्षं पोळ्या लाटत वाया गेली, असं मला रात्री जेवताना वाटत होतं आणि मी ते बोलूनही दाखवलं. यजमान म्हणाले, "पहले सुबह होने दो."

सकाळी ठेकेदार दारात उभा. हातात वाटी.

"भाभीजी, कटोरी बाँटके दस्तखत लिए जा रहे हैं? इलेक्शन लड़ रही हैं?"

"भाईसाहब, ये हमारा रिवाज है. सुहागन को खाली हाथ नहीं भेजते."

"तो हाथ में कागज काहे पकड़ाया?"

मी विषय बदलला. "बेंच से आपको क्या तकलीफ है?"

"लफंगे बैठेंगे. ताश खेलेंगे."

"हमारी अम्माजी बैठेंगी!"

"आज अम्माजी, कल पूरा मोहल्ला."

दुपारपर्यंत आणखी तीन वाट्या परत आल्या आणि त्यांच्या सह्या मला खोडायला लावल्या. तिळगूळ मात्र कोणी परत केला नाही. सासूबाई वाट्या पुसून फळीवर लावत म्हणाल्या, "वाण देऊन कुणी काही मागतं का गं? घरात विचारायचं तरी." विचारलं असतं तर त्यांनी बाकड्यालाच नको म्हटलं असतं, म्हणून विचारलं नव्हतं.

तरीही इंजिनिअर आला. हातात टेप घेऊन तो एकेका फाटकासमोर उभा राहायचा आणि आतून नकार यायचा. एकीला गाडी लावायची होती, एकाला वास्तुदोष होत होता. ठेकेदार तर 'हमारे सामने नहीं' म्हणत अख्खा रस्ताभर त्याच्या मागे फिरला. शेवटी तो माणूस कंटाळला. "बहनजी, कोई तो जगह बताइए जहाँ एतराज न हो."

मला राग आला होता. मोठेपणा कसा असतो हे या लोकांना दाखवावं म्हणून मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हमारे घर के सामने लगाइए, हमें कोई एतराज नहीं!"

त्याने तेच लिहून घेतलं.

महिन्याभरात सिमेंटचं भक्कम बाकडं आलं. आमच्या दाराला लागून. सासूबाईंनी उंबरठा ओलांडला की विश्रांतीची सोय तयार. संध्याकाळी त्यावर पत्ते पडतात, आणि सर्वांत मोठ्याने पत्ता आपटतो तो ठेकेदार.

अर्ध्या वाटेवर मात्र खिळेच होते, म्हणून सासूबाईंनी मावशींकडे जाणं सोडलं. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. टीव्हीवरच्या मराठी बातम्या लावून बसायच्या आणि बातम्या देणाऱ्या मुलीला उत्तरं द्यायच्या. "हो का? मग?" असं त्या तिला विचारताना मी एकदा स्वयंपाकघरातून ऐकलं. गॅस बंद केला, गच्चीवरची प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आणली आणि म्हटलं, "चला."

"कुठे?"

"मावशींकडे. खुर्ची मी घेते."

त्या पुढे, मागे डोक्यावर खुर्ची उलटी घेतलेली मी. बाकड्यावरचे पत्ते थांबले. अर्ध्या वाटेवर, ठेकेदाराच्या फाटकासमोर, मी खुर्ची फुटपाथवर ठेवली. सासूबाई बसल्या. ठेकेदार पत्ते टाकून धावत आला.

"ये क्या तमाशा है? कुर्सी हटाइए."

"अम्माजी उठेंगी तो हटेगी."

"गेट के सामने है."

"फुटपाथ पर है."

"हम शिकायत करेंगे!"

"कीजिए. अर्जी देनी पड़ती है. लोगों के दस्तखत भी लगते हैं."

तो फाटक आपटून आत गेला आणि तिथून बायकोवर ओरडू लागला. तिने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, पण तो गप्प झाला. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. सासूबाईंचा श्वास केव्हाच जागेवर आला होता. तरी त्या उठल्या नाहीत. पदर सारखा केला, मांडीवर हात ठेवले आणि रस्त्याकडे बघत बसून राहिल्या.

"निघायचं का?" मी विचारलं.

"थांब गं," त्या म्हणाल्या, "एवढी घाई काय आहे?"