मेडल नक्को

कोणतीही गोष्ट नाकारायची झाली की ते आधी एक पाऊल मागे सरायचे, कमरेत वाकायचे आणि म्हणायचे, "नक्को जी."

आमच्या नल्लकुंट्याच्या घरातले, वरच्या मजल्यावरचे हे जपानी भाडेकरू. बायकोला इथल्या कंपनीत मोठी नोकरी लागली आणि हे तिच्याबरोबर आले. सकाळी विद्यानगरकडच्या मैदानावर कॉलेजच्या पोरांना लांब उडी शिकवायची, मग घरी येऊन स्वयंपाक करायचा, हा त्यांचा दिनक्रम.

इथली दखनी हिंदी ते भाजीवाल्याकडून शिकले. त्यामुळे 'नको', 'नाही', 'संपलं' या सगळ्याला त्यांच्याकडे एकच शब्द होता. सिलिंडर संपला की खाली येऊन सांगायचे, "गॅस नक्को." सासूबाई म्हणायच्या, "अहो, नको तर नको. मी कुठे देतेय?"

माझे सासरे निवृत्त वकील. हे गृहस्थ एके काळी जपानकडून उड्या मारत होते, हे कळल्यावर मामंजींनी त्यांची रीतसर उलटतपासणी घेतली. आशियातल्या मोठ्या स्पर्धेत उतरला होतात? "हौ." मग मेडल?

ते मागे सरले, वाकले. "मेडल नक्को."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की या माणसानं पदक नाकारलं. का नाकारलं, याची कारणं मामंजींनी राजकारणापासून वैराग्यापर्यंत पुरवली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला त्यांचे कपडे सगळ्यांच्या आधी करून देऊ लागला. लोक नमस्कार करत, हेही वाकून करत. कशासाठी, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

गणपतीत त्यांचा सत्कार ठरला. मामंजी त्यागावर भरभरून बोलले. जपानी बाई ते भाषण फोनवर भाषांतर करून वाचत होत्या. वाचता वाचता त्या थांबल्या आणि नवऱ्याच्या कानाशी लागल्या. ऐकून नवऱ्याचे कान लाल झाले.

ते उठून माइकपाशी गेले.

"मेडल मिला नै," एकेक शब्द निवडत ते म्हणाले. "मैं चौथा आया. मेडल मेरेकू होना था. बहोत होना था."

'हवं होतं' हे त्यांना अगदी नीट बोलता येतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग तुटक तुटक बाकीचं सांगितलं. शेवटची उडी मारून वाळूत बसले असतानाच फलकावर अंतर दिसलं, आणि तिथून उठावंसंच वाटेना. पुढं घोटा मोडला, उडी सुटली, शाळेत खेळाचे मास्तर झाले.

मामंजींनी चष्मा पुसला, शाल उचलून त्यांच्या खांद्यावर घातली आणि माइकवर म्हणाले, "अर्थ लावण्यात वकिलाची चूक झाली. सत्काराचा निकाल मात्र कायम."

त्यावर टाळ्या पडल्या त्या आधीच्या भाषणाला पडल्या नव्हत्या.

बाईंची बदली झाली आणि गेल्या पावसाळ्यात ते दोघं जपानला परतले. वरचा मजला अजून रिकामाच आहे.

निघाले त्या दिवशी फाटकासमोर पाणी साचलं होतं, चार-पाच हात रुंद. पलीकडे गाडी उभी. निरोपाला जमलेल्या सगळ्या गल्लीनं मागे सरून त्यांना धावायला जागा करून दिली. दोघा-तिघांनी फोन वर धरले. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. वाकून पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बूट काढून काखेत मारले आणि बायकोची बॅग डोक्यावर घेऊन, पाय चाचपत, सावकाश पाण्यातून चालत गेले.