काजव्याची आई

कॉम्प्युटर अडला की तो बंद करून पुन्हा चालू करायचा, हे तलासरीच्या कचेरीत माझं रोजचं काम. त्यामुळे मोबाईलवर ती बातमी वाचली तेव्हा 'रिबूट' हा शब्द मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. पालघर नवा जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या लहानपणीचे दोन सिनेमे, ज्यांचा तिसरा भाग कधी निघालाच नाही, ते आता पहिल्यापासून नव्याने बनवणार होते. मी खुर्चीतच ओरडले. रांगेत उभ्या असलेल्या एका आजोबांना वाटलं, त्यांचा हरवलेला दाखला सापडला. त्यांची समजूत घालताना माझ्या नाकी नऊ आले.

सिनेमे इंग्रजी होते. नायकाचे तळहात अंधारात पिवळे उजळायचे, म्हणून माझ्या मामाने त्याचं नाव ठेवलं काजव्या. त्याचं इंग्रजी नाव काय होतं ते मला पुढे कितीतरी वर्षं माहीत नव्हतं, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. मी सायवनला मामाच्या घरी वाढले. दुसरीत असताना आई गेली आणि मामा मला पाड्यावर घेऊन आला. तो दहावीपर्यंत शिकलेला, म्हणजे पाड्यावरचा एकटा इंग्रजी जाणणारा. भात झोडून झालं की तो डहाणूहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, खिडक्यांना गोधड्या लावायचा आणि भर दुपारी हातात काठी घेऊन टीव्हीशेजारी उभा राहायचा. आतले लोक इंग्रजीत बोलायचे आणि मामा ते आम्हाला आमच्या बोलीत सांगायचा.

आणि काय सांगायचा! टकला खलनायक म्हणजे गवताचा ठेकेदार. त्याने काजव्याच्या बापाचा कोयता पळवला, म्हणून ही सगळी मारामारी. रंगीत बाटल्यांशी खुडबुड करणारा पांढऱ्या कोटातला म्हातारा म्हणजे ताडीवाला. हा ताडीत पाणी घालतो, असं मामा सांगायचा, त्यामुळे काजव्याचा बुक्का त्याला बसला की बायाबापड्यासुद्धा टाळ्या पिटायच्या. दुसऱ्या भागाच्या शेवटी काजव्या एका पुलावर एकटाच उभा होता. टेप संपली. मी विचारलं, "मामा, त्याला आई नाय?"

मामाने टीव्हीची काच टॉवेलने पुसली. पुसायची काही गरज नव्हती. "हाय ना," तो म्हणाला. "तिसऱ्या भागात भेटणार."

त्यानंतर तो डहाणूहून आला की मी पहिलं तेच विचारायचे. "अजून छापला नाय," तो सांगायचा. असं मी सातवीत जाईपर्यंत चाललं.

तर बातमी आली आणि आमच्या पाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपला उधाण आलं. सायवन ते तलासरी जीप चालवणाऱ्या आमच्या दोस्ताचं म्हणणं, हिरो जुनाच पाहिजे, म्हातारा झाला असला तरी चालेल, कंबर धरून उडेल. दुसरा दोस्त वापीला कारखान्यात होता. त्याला ताडीवाला हवा होता आणि बुक्का दोनदा हवा होता. मला फक्त आई हवी होती. पस्तिशीला आलेल्या बाईने असं म्हणावं यात लाजण्यासारखं काही मला वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

मी तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण हौसेला मोल नसतं. इंटरनेटवर जगभरच्या चाहत्यांची एक चावडी सापडली, तिथे प्रत्येक जण नव्या सिनेमाकडून आपली अपेक्षा लिहीत होता. मीही मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, या वेळी त्याला आई भेटू दे, आणि ताडीवाल्याला विसरू नका. खाली उत्तरं आली. कुठली आई? कुठला ताडीवाला? माझा स्वभाव तापट. मी दोन दिवस भांडले, यांनी सिनेमा झोपेत पाहिला असं सुनावलं. शेवटी एका भल्या माणसाने मूळ सिनेमाचा तुकडा पाठवला, खाली अक्षरांसकट. पांढऱ्या कोटातला म्हातारा शास्त्रज्ञ होता. त्यानेच काजव्याला यंत्रात घडवलं होतं. आई नव्हतीच. काजव्याला बाप म्हणावा असा तो एकच माणूस, आणि त्याला बुक्का बसला की आम्ही टाळ्या पिटत होतो!

मी आधी पोट धरून हसले. मग मामाचा राग आला. आणि रागाच्या मागोमाग भीती आली. कारण नवा सिनेमा हिंदीतही येणार होता आणि सगळ्यांनी तो एकत्र पाहायचं ठरवलं होतं. पाड्यावर सोयरीक जुळवायची असो की बांधाचं भांडण मिटवायचं असो, अजूनही मामाला बोलावणं जातं. इंग्रजीतलं ज्याला कळतं त्याला सगळं कळतं, हा विश्वास त्या काठीपासूनचा. आता म्हातारपणी त्याचं पितळ उघडं पडणार होतं, तेही आम्हा पोरांसमोर. आपलेच दात, आपलेच ओठ. मी कुणालाही काही बोलले नाही.

सिनेमा यायला दोन वर्षं लागली. आला तेव्हा मी मामाला बोलवायला वाणगावला गेले. तो आता तिथे मुलीकडे राहतो आणि तिच्या वाडीत ढोबळी मिरची सांभाळतो. मिरच्या तोडता तोडता त्याने विचारलं, "हिंदीत हाय काय?"

"हो."

"म्हणजे सगळा कळल."

"सगळा कळल, मामा."

त्याने एक कच्ची मिरची तोडली. एवढ्या वर्षांत मी त्याला कच्ची मिरची तोडताना पाहिलं नव्हतं. "माझा गुडघा दुखतो," तो म्हणाला. "तुम्ही जा."

आम्ही जीपने वापीला दुपारचा शो गाठला. सिनेमा चांगला होता, खोटं कशाला बोलू. उडणं, पडणं, आगीचे लोळ, सगळं झकास. यंत्र होतं, शास्त्रज्ञ होता, आई नव्हती. मी पडद्याकडे कमी आणि दोस्तांच्या तोंडांकडे जास्त पाहत होते.

परतताना तलासरी मागे पडली. मग मला राहवलं नाही. "मामाला काय बोलू नका," मी म्हटलं. "त्याला इंग्रजी येत नव्हता. मला दोन वर्षांपासून माहीत हाय."

जीपवाल्याने गाडी बाजूला घेतली. "दोन? मी जुना सिनेमा हिंदीत टीव्हीवर बघितला, त्याला धा वर्षं झाली."

"मग बोलला का नाय?"

"तुझा मामा ना! तुला वाईट वाटला असता."

कारखान्यातला दोस्त मागून म्हणाला, "मला तर शाळेतच कळला होता. मास्तरांना विचारलेला." म्हणजे इतकी वर्षं झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ आम्ही तिघांनी वेगवेगळी झाकलेली. आम्ही इतके हसलो की शेजारून जाणारा टेम्पोवाला, काही बिघडलंय का, म्हणून थांबला. मग दोस्त म्हणाला, "त्या इंग्रजीवाल्यांना स्टोरीच जमली नाय. ताडीवाल्याला बाप केला!"

वाणगावला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मामा वाडीच्या फाटकाशी उभा होता, गुडघा दुखत असून. जीपवाला उतरला आणि चेहरा सरळ ठेवून म्हणाला, "मामा, भेटली. शेवटी भेटली आई."

दुसऱ्याने मान हलवली. मामाने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

"कशी होती दिसायला?" त्याने विचारलं.

माझ्या आईचा एकही फोटो नाही. मला तिचा चेहरा आठवत नाही, आणि हे मी मामाला कधी सांगितलं नव्हतं. मी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुझ्यासारखीच," मी म्हटलं. "असाच नाक. आन हसली का डोळे बारीक व्हायचे."

मामाने फाटकाची कडी काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली.

"हां," तो म्हणाला. "मग तीच."