त्रयस्थ पक्ष, एकाच घरातला

माझ्या जाऊबाई पोलीस पाटील झाल्या त्या दिवशी घरात पेढे आले, आणि मी माझ्या वाट्याचा पेढा म्हशीला घातला. आता सांगायला लाज वाटत नाही. हसनाबादच्या अलीकडे आमचं गाव. पोलीस पाटलाचं पद बाईसाठी राखीव निघालं तेव्हा आम्ही दोघी जावांनी एकाच घरातून अर्ज भरले. दोन्ही अर्ज मीच लिहिले, कारण घरात अक्षर माझं चांगलं. मी बी.ए., त्या बारावी. तरी तोंडी परीक्षेत त्या दोन गुणांनी पुढे गेल्या.

मग रोज डोळ्यांसमोर तेच. सकाळी दाखल्यासाठी माणसं ओट्यावर बसायची. ठाण्यातून जाऊबाईंना फोन आला की सासरे टीव्हीचा आवाज कमी करायचे. आणि सगळ्यांचा चहा मात्र मी करायचा! माझ्या पोटात नुसती आग पडायची. त्यांच्या कपात मी मुद्दाम साखर कमी घालायची, एवढाच काय तो माझा अधिकार.

अशात एका लग्नाच्या पंगतीत शेजारगावची बाई माझ्या कानाशी लागली. "तुमच्या जाऊबाई पाटलीण झाल्या खऱ्या, पन दोन उन्हाळ्यांखाली म्या त्यायला ठाण्यात बाकड्यावर पाह्यलं होतं. रडू राह्यल्या होत्या."

त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले. जिचं नाव पोलिसांच्या संगणकात आहे ती पाटील कशी राहील? नोंद हातात आली की नेमणूक करणाऱ्या प्रांतसाहेबांपुढे ठेवायची. त्यांचं पद जाणार, आणि यादीत पुढचं नाव माझं.

तो उन्हाळा माझ्याही लक्षात होता, पण वेगळ्या कारणानं. तेव्हा माझ्या नवऱ्याचा हात माझ्यावर उठायचा. मी सोळा सोमवार धरले, आणि ते पुरे व्हायच्या आत त्याचा हात थांबला तो कायमचा. उपासाचा गुण, असं मी माहेरी सगळ्यांना सांगून मोकळी झाले होते.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी झोकात लिहिला. सदर महिलेच्या नावे ठाण्याच्या नोंदवहीत व संगणकात असलेल्या सर्व नोंदींच्या प्रती मिळाव्यात. स्टॅम्प चिकटवला, भोकरदनला जाऊन रजिस्टर पोस्टानं पाठवला. दुसऱ्याची खासगी माहिती मागितली की आधी त्या दुसऱ्याला विचारतात, हे बी.ए. झालेल्या बाईला ठाऊक नव्हतं.

काही दिवसांनी टपालवाला दोन पाकिटं घेऊन आला. एक माझं, एक जाऊबाईंचं, पत्ता एकच. पाटलीणबाई समोर दिसल्या म्हणून त्यानं दोन्ही त्यांच्याच हातात दिली. त्यांच्या पत्रात लिहिलं होतं की अमुक अर्जदारानं आपली माहिती मागितली आहे, आपण त्रयस्थ पक्ष आहात, हरकत असल्यास दहा दिवसांत लेखी कळवावे. अमुकच्या जागी माझं नाव, नवऱ्याच्या नावासकट.

मी ज्वारी निवडत बसले होते. जाऊबाई समोर येऊन बसल्या. माझं पाकीट न फोडता सुपाशेजारी ठेवलं आणि त्यांचं पत्र माझ्यापुढे धरलं. मला वाटलं, आता गल्ली गोळा होणार. पण त्यांनी आवाजही चढवला नाही.

"मला इचारलं असतं तर म्याच सांगितलं असतं. तुझ्या नवऱ्यानं तुला चुलीपाशी आपटलं, त्याच्या दुसऱ्या दिशी गेल्ते मी ठाण्यात. अर्ज देल्ता त्याच्यावर. सायबानं त्याला बोलवून बराबर दम भरला. तक्रार कुनी केली ते त्याला अजून म्हाईत न्हाई."

माझी मान वर होईना. "मला का न्हाई सांगितलं, बाई?"

"तू मला अर्ज मागं घ्यायला लावला असता. अन् मला याच घरात राह्यचंय. माझं नाव कुठं निघू देऊ नका म्हणून तिथं हात जोडल्ते मी."

मग त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "घे, लिही. तुझं अक्षर चांगलंय. हरकत हाये म्हणून लिही. त्या कागदात माझ्यापेक्षा तुझंच जास्ती हाये. गावानं कशाला वाचायचं?"

मी लिहिलं. माझ्याच अर्जाला माझ्याच अक्षरात हरकत. त्यांनी खाली सही केली. तेवढ्यात ओट्यावर कुणी दाखल्यासाठी हाक मारली, आणि त्या पदर सारखा करून बाहेर गेल्या.

पोटातली आग विझली असेल असं वाटेल कुणाला. नाही विझली, उलट जास्त भडकली. नवऱ्याचा हात माझ्या सोमवारांनी थांबला, तेवढं एक माझं स्वतःचं होतं, तेही त्यांचंच निघालं. मी सूप बाजूला सारलं. मग उठून चहा ठेवला, आणि त्यांच्या कपात त्यांना लागते तेवढी साखर घातली.