टिटवीची अंडी आणि जाऊबाईचं तोंड

पशुपक्ष्यांच्या गोष्टी चित्रांत काढणारी मुलगी मुरगूडजवळच्या आमच्या गावात आली, ती आधी माझ्याच दारात आली होती. शाळांसाठी कॉमिक करते म्हणाली, शेतातलं काही सांगा. मी म्हशीची धार काढत होते.

"पोरांच्या चित्रांसाठी मला येळ न्हाय," म्हटलं आणि तिला घालवली.

ती शेजारी जाऊबाईकडे गेली. जाऊबाईनं तिला टिटवीची गोष्ट सांगितली. गोष्ट माझी. उन्हाळ्यात नांगरट चालू असताना ढेकळांत चार अंडी दिसली, तेव्हा ट्रॅक्टरपुढं मी उभी राहिले. पिल्लं निघेपर्यंत तेवढा तुकडा नांगरू दिला नाही. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस मोठा, असं आम्ही धरतो. मी रोज जाऊन बघायची. जाऊबाई तेव्हा माहेरी होती. तिनं सगळं माझ्याकडूनच ऐकलं.

नातीनं शाळेतून कॉमिक आणलं. बांधावरच्या बाभळीत टिटवीचं घरटं, बाभळ पाडायला आलेला ट्रॅक्टर, आणि पुढं हात पसरून जाऊबाई. नाकात नथ. शेतात नथ कोण घालतं?

"टिटवी झाडावर बसती व्हय? भुईवर अंडी घालती ती," मी नातीला म्हटलं.

"मग आज्जी, तू का न्हाई सांगितलंस?"

मी कॉमिक पालथं केलं. मागच्या पानावरचा नंबर सुनेला लावायला सांगितला. ती मुलगी आली, तिला रानात नेऊन भुईवरच्या बारक्या खड्यांत अंडी कशी असतात ते दाखवलं.

"चुकलं माझं, आज्जी. पुढच्या छपाईत बदलते."

"आणि ती बाई? ती मी हाय."

मुलगी गोंधळली. बांधापलीकडं जाऊबाई वैरण कापत होती. ती तिथनंच ओरडली, "व्हय की, आडवलं हिनंच! पण सांगितलं मी. हिला कुठं येळ हुता?"



नव्या छपाईत अंडी भुईवर आली. ट्रॅक्टरपुढं मी आहे, नथीशिवाय. शेवटच्या चित्रात जाऊबाई पोरांना गोष्ट सांगते आहे. गल्लीतली पोरं आता तिच्याच कट्ट्यावर जमतात, ती हातवारे करून सांगते आणि पोरं हसतात. माझी नातही तिथंच असते. दोनदा हाक मारली तरी येत नाही. मला ते बघवत नाही.